उपवासकाळ आणि कष्टकरी दांपत्य

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या विवाहित दांपत्यांच्या मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या दिवसांत मिशनऱ्यांचा, मास्तरांचा व देणगीदारांचा गौरव करावयाचा असतो, आणि तो यथास्थित झाला आहे. आज मी अशा एका जोडप्याविषयी बोलणार आहे की ज्याचे नाव कोणत्याही स्मरणिकेत यावयाचे नाही. मीही ते घेणार नाही. तुमच्यापैकी पुष्कळांना ते आपलेच घर वाटेल, आणि तसे वाटावे हीच माझी इच्छा आहे.

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरितात, हे श्रीरामपूरकरांस सांगावयास नको. मुकादम उचल देतो ती माणसांस नव्हे, कोयत्यास. प्रवरेच्या कालव्यांनी आणि १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाने आपल्या या कोरड्या मुलखात ऊस आणिला. उसामुळे हरेगाव, टिळकनगर येथे कारखाने उभे राहिले. हरेगावचा कारखाना बंद पडून आज बरीच वर्षे लोटली, परंतु कोयता थांबलेला नाही. आता पाहा, पवित्र ख्रिस्तसभाही लग्नाच्या वेळी दोघांना एकच देह म्हणते, आणि मुकादमही दोघांना एकच मोजतो! ख्रिस्तसभा दोघांची प्रतिष्ठा राखण्यासाठी तसे म्हणते. मुकादम हिशेब सोपा व्हावा म्हणून म्हणतो. एवढाच काय तो भेद, पण तो लहान नव्हे.

राखेचा बुधवार ४ फेब्रुवारीच्या अलीकडे येत नाही आणि १० मार्चच्या पलीकडे जात नाही. म्हणजे गळिताचा हंगाम उतरणीस लागलेला, अंगातले त्राण सरलेले, ऊन तापू लागलेले आणि उचल फिटते की अंगावर राहते याचा घोर लागलेला, अशाच दिवसांत आपला उपवासकाळ येऊन उभा राहतो. या जोडप्याची बाई पहाटे तीनला उठते. चूल पेटविते, भाकरी थापते, निजलेले मूल उचलून फडात नेते. नवरा तोडतो, ती पाचट सोलते, मोळ्या बांधते, आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. दुपारी वाढे विकून मीठमिरची आणावयाची. रात्री गाडी कारखान्याच्या रांगेत अडकली, तर नवरा तिथेच गाडीखाली पडतो, आणि ती कोपीत एकटी जपमाळ म्हणते. अर्धी म्हणून होते न होते तोच झोप लागते. उरलेली अर्धी तिचा रक्षक देवदूत पुरी करीत असेल, असे मी तिला एकदा म्हणालो. तिने ते खरे मानले, आणि मीही ते अगदीच विनोदाने म्हटले नव्हते.

अशा माणसांना आम्ही धर्मगुरूंनी उपवास सांगावा तो कोणता? १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे रविवार वगळता सारा उपवासकाळ दिवसातून एकदाच पोटभर जेवण्याचा नियम होता; अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांस मात्र त्यातून सूट मिळत असे. १९६६ साली परमगुरुस्वामी सहावे पॉल यांनी राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार एवढेच दोन सक्तीचे उपवासदिन ठेविले. शुक्रवारी मांस वर्ज्य आहेच. परंतु ज्याच्या घरी मटण सणासुदीलाच शिजते, त्याला शुक्रवारचा त्याग तो काय? म्हणून काही शहाणे म्हणतात की गरिबाचा बारमाही उपवासच असतो. हे म्हणणे मला मान्य नाही. परिस्थितीने घडलेली उपासमार आणि देवासाठी स्वखुशीने केलेला त्याग या दोन वस्तू भिन्न आहेत. गरिबाजवळ त्यागण्यासारखे काहीच नाही असे म्हणणे हा त्याचा अपमान होय.

त्याच्याजवळ काय असते, ते घरात शिरून पाहावे. आपल्या घरांत बाई सर्वांच्या मागून जेवते. कालवण संपले तर भाकरीबरोबर पाणी पिते. तिचा हा उपवास कोणत्याही पंचांगात नाही, आणि त्याला कोणी पुण्य म्हणून मोजीत नाही. तेव्हा मी त्या नवऱ्याला सांगितले, “तुझा उपवास असा की चाळीस दिवस तिच्याबरोबर एका वेळी जेवावयाचे आणि आधी तिला वाढावयाचे.” तो गोंधळला. शुक्रवारचे मटण सोडणे त्याला याहून सोपे वाटले असते! यशया प्रवक्त्याने आपल्या ग्रंथाच्या ५८ व्या अध्यायात उपवासाचा अर्थ जो लाविला आहे, तो घरी गेल्यावर अवश्य वाचावा. संत पौलही करिंथकरांस नवराबायकोच्या संयमाविषयी लिहिताना दोघांची संमती आवश्यक मानतो. एकाने ठरवावे आणि दुसऱ्याने सोसावे, अशी भक्ती त्याला ठाऊक नाही.

आता मुख्य गोष्ट. हा गृहस्थ उपवासकाळात दारूला शिवत नाही. शपथच वाहतो, आणि पाळतोही. (ज्या शिंदीच्या झावळ्या आपण झावळ्यांच्या रविवारी हाती घेतो, तिच्याच रसाने पुष्कळ घरे बुडाली, हे जाता जाता सांगतो.) पुढे ईस्टर येतो, त्याच सुमारास हंगामाचा हिशेब होतो, आणि दोघांच्या मेहनतीचा पैसा एकट्याच्या हाती पडतो. चाळीस दिवसांची कसर चार दिवसांत भरून निघते. एकदा ती बाई नवऱ्यादेखत मला म्हणाली, “फादर, ईस्टर थोडा लांबवता येत नाही का?”

बंधूंनो, प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवसाची ख्रिस्ती बाईला भीती वाटावी! मी पुष्कळ प्रवचने ऐकिली, पण इतके कठोर कोणतेही नव्हते. नवरा प्रथम हसला. मग बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरीत बसला.

पूर्वी पवित्र गुरुवारची मिस्सा व उत्तम शुक्रवारचा विधी सकाळीच होत असे, आणि त्या वेळी कामकरी लोक फडात असत. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी पवित्र सप्ताहाची सुधारणा केली, आणि १९५६ पासून गुरुवारची मिस्सा सायंकाळी होऊ लागली, शुक्रवारचा विधी दुपारनंतर आणि पुनरुत्थानाचा जागर रात्री. त्यामुळेच ही दोघे गेल्या वर्षी फडातून थेट, अंगावर उसाची कूस घेऊन, गुरुवारच्या मिस्सेला येऊ शकली. त्याच आठवड्यात हिशेब झाला. मुकादमाकडे दोघे मिळून गेली, आणि पैसे तिने मोजून घेतले. मुकादमाने थट्टा केली म्हणे, “कोयत्याला आता दोन मुठी झाल्या का?” नवऱ्याने उत्तर दिले नाही, पैसे मोजून होईपर्यंत मूल कडेवर घेऊन उभा राहिला.

ईस्टरच्या सोमवारी त्याने थोडी घेतली. हे त्यानेच मला सांगितले, पापनिवेदनात नव्हे, बाजारच्या रस्त्यात. पण निम्मी उचल फिटली, मुलाचे नाव शाळेत घातले, आणि यंदा राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेताना ती बाई ईस्टर लांबविण्याविषयी काही बोलली नाही. कोणत्या तारखेला आहे, एवढेच विचारून गेली.