घरून काम, पण ड्युटी किती तास?



आपल्या रेल्वे-पोस्टातल्या अनेकांची मुले आज कंपन्यांचे काम घरूनच करतात. याच कोरमंगलात २००७ साली एका फ्लॅटमधून फ्लिपकार्ट सुरू झाली. मालकाने घराचे ऑफिस केले, ती त्याची मर्जी. नोकरदाराच्या घरात ऑफिस शिरले, की ड्युटी सुटतच नाही. लोको पायलटला साइन-ऑन, साइन-ऑफ असते. या पोरांना नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी आधी रेल्वेत, पोस्टात नोकरी केली होती (हे आपल्यातही थोड्यांनाच ठाऊक!). त्यांच्या लढ्यामुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवार मिळाला. कामाच्या वेळेनंतर साहेबाचा फोन न घेण्याचा हक्क मागणारे विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ आणि २०२५ साली लोकसभेत मांडले. पण १९७० नंतर एकाही खाजगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. तेव्हा मुलांना युनियनमध्ये आणा, मागणीपत्रात लिहायला लावा: हजेरी कधी सुरू, कधी बंद, आणि वरच्या प्रत्येक तासाला ओव्हरटाइम.