गोल्फचा थोर कोण?

गोल्फमधला सर्वांत थोर खेळाडू कोण, हा वाद निघाला की आधी आकडे पुढे येतात. जॅक निकलस यांची मेजर, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची, विजेतेपदं 18, टायगर वुड्स यांची 15. मग विषय संपला? छे!

निकलस यांचं यश 1962 ते 1986 एवढ्या काळात पसरलेलं, शिवाय 19 वेळा ते मेजरमध्ये दुसरे आले. वुड्स यांनी 2000 साली पेबल बीचवर यूएस ओपन जिंकली, ती तब्बल 15 फटक्यांनी. सातत्य मोजायचं की दरारा?

आणखी मागे जाऊ. बॉबी जोन्स पेशाने वकील, खेळले हौशी म्हणूनच. 1930 साली ब्रिटन आणि अमेरिकेच्या ओपन आणि हौशी अशा चारही स्पर्धा त्यांनी जिंकल्या आणि 28व्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या क्लबचे दांडे हिकरीच्या लाकडाचे. झटका दिला की दांडा पिळवटायचा, म्हणून फटक्याची लय जपावी लागे. आज मेजर गणली जाणारी मास्टर्स स्पर्धा तर तेव्हा नव्हतीच. 1934 साली ती सुरू करण्यात त्यांचाच हात होता.

आकड्यांनी खरा अन्याय केला तो बेन होगन यांच्यावर. 1949 साली त्यांच्या मोटारीला बसची धडक बसली. पुन्हा चालता येईल का, इथून प्रश्न होता. 1953 साली ते तीन मेजर खेळले आणि तिन्ही जिंकले. चौथी, पीजीए, ब्रिटिश ओपनच्या तारखांमुळे हुकली. एका मोसमापुरतं विचाराल तर माझं मत होगन यांना. सबंध कारकिर्दीसाठी मात्र निकलसच.