डोंगराचे योबेल वर्ष
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ह्या प्रसंगी चार शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली, तेव्हा आम्ही धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगू अशी काहींची अपेक्षा होती. ते काम आमच्याहून वडील मंडळींनी ह्याच सभेत उत्तम रीतीने केले आहे. आम्ही आपणांस एका डोंगरावर घेऊन जाणार आहोत. डोंगर फार उंच नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीही भिण्याचे कारण नाही.

ज्युबिली हा शब्द आपण अलीकडे पुष्कळ स्वस्त करून टाकला आहे. पेढीची ज्युबिली होते, गिरणीची होते, नाटकमंडळीचीही होते. पण शब्दाचे मूळ पाहू गेल्यास ते मेंढ्याच्या शिंगात सापडते. आपल्या मराठी शास्त्रात ह्या वर्षाला ‘योबेल’ असे म्हटले आहे, आणि योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात त्याचा नियम दिला आहे. दर सातव्या वर्षी शेत पेरू नये, द्राक्षमळा छाटू नये. अशी सात सप्तके लोटली की पन्नासाव्या वर्षी देशभर शिंग फुंकावे. दासांना मोकळे करावे. कर्जापायी ज्याची जमीन गेली त्याला ती परत मिळावी. आणि त्या वर्षीही नांगर उभाच ठेवावा. कारण काय, तर भूमीचा धनी परमेश्वर आहे. आपण तिच्यावर उतरलेले पाहुणे आहोत.

पुढे १३०० साली पोप आठवे बोनिफास ह्यांनी ख्रिस्तसभेत पहिले ज्युबिली वर्ष जाहीर केले, आणि तो क्रम २०२५ सालच्या ज्युबिलीपर्यंत चालत आला. पापांची क्षमा, यात्रा, दानधर्म हे सारे आपण जपले. जमिनीचे कलम मात्र आपल्या ध्यानातून बहुतेक गळाले. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात ते पुन्हा काढून दाखविले, हे त्यांचे आपणांवर मोठे उपकार होत. परंतु आम्हांस त्याचा अर्थ खरा उमगला तो परिपत्रक वाचून नव्हे, तर सागरेश्वराच्या डोंगरावर पायी हिंडून.

आगमनकाळातील एका शनिवारी आम्ही सात जण निघालो. तिघे साताऱ्याचे, चौघे सांगली-मिरजेचे. भेट ठरली ती ताकारी स्टेशनावर, कारण पुणे-मिरज लोहमार्गावर तेच सर्वांस सोयीचे. कोणी कोणाकडे पाहुणा म्हणून यावे ह्यावर थोडी थट्टा झाली. सातारकर म्हणाले, हा मुलूख मूळचा आमचाच. ते खोटे नव्हे: १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. जवळच्याच देवराष्ट्रे गावी १९१३ साली यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला, तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यातच होते. पायथ्याशी शिवाची पुरातन मंदिरे आहेत. तेथे पूजेसाठी आलेल्या मंडळींनी आम्हांस वाट दाखविली, पाणी दिले.

आता ह्या डोंगराची कथा ऐकावी. आज तेथे रान आहे. परंतु ते आपोआप वाढलेले अरण्य नव्हे. एके काळी हे माथे उघडेबोडके होते. कुऱ्हाड आणि चराई ह्यांनी गवताची काडीही उरू दिली नव्हती, आणि झाड गेल्यावर पावसाने माती नेली. ह्याच परिसरातील वृक्षमित्र धों. म. मोहिते ह्यांनी लोकांस बरोबर घेऊन ह्या उजाड डोंगरावर रान उभे करण्याचा ध्यास घेतला. झाडे लावली, चराई बंद केली, कुंपण घातले, बाहेरून हरणे आणून सोडली. १९८५ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. सह्याद्रीतल्या चांदोली-कोयनेच्या अफाट अरण्यांपुढे हे म्हणजे परसातली बागच. पण ती अरण्ये मनुष्याने केली नाहीत, आणि हे मनुष्याने केले. आमच्या मते ख्रिस्ती मनुष्याने पाहावयास जावे ते आधी येथे.

वाट दगडगोट्यांची आहे. दोन्ही बाजूंस बाभूळ, खैर, बोर, मधूनच कडुनिंब. आमच्यापैकी एका शिक्षिकाबाईंनी चितळांचा कळप पाहिला आणि मोजू लागल्या. अकरापर्यंत पोहोचल्या तोच कोणाच्या तरी खोकल्याने कळप उधळला. बाई त्या गृहस्थांशी पुढे फर्लांगभर बोलल्या नाहीत. ह्या अबोल्याचा लाभ आम्हां सर्वांस झाला, कारण त्यानंतर प्रथमच रान ऐकू आले. प्रभू येशूने दमलेल्या प्रेषितांना एकांतात चलून थोडा विसावा घ्यावयास सांगितले होते; तेही किनाऱ्याकडे जाताना बहुधा फार बोलले नसतील.

बाभळीपाशी आम्ही मुद्दाम थांबलो. आपल्याकडे बाभूळ म्हणजे काटा, जळण आणि फार तर औताचे लाकूड. पण निर्गमाच्या पुस्तकात कराराचा कोश ज्या लाकडाचा करावयास परमेश्वराने मोशेला सांगितले, ते मराठी शास्त्रात बाभळीचेच म्हटले आहे. गंधसरू लबानोनाहून आणून शलमोनाने मंदिर बांधले ते पुष्कळ नंतर. रानातल्या भटकंतीत देवाने हाताशी असलेले काटेरी झाड पसंत केले. आगमनकाळात आपण यशया संदेष्ट्याची वाचने ऐकतो. ओसाडीत देव जी झाडे लावीन म्हणतो, त्यांतही ती आहे. आमच्यातील एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचा जन्म बाभळीचे फोक तोडून कुंपण करण्यात गेला, ते एवढेच म्हणाले, “अहो, मग आम्ही इतकी वर्षे कोशच जाळीत होतो की काय?”

थोडे वर गेल्यावर एक बांधीव पाणवठा लागला. ह्या डोंगरावर बारमाही पाणी नाही. उन्हाळ्यात जनावरांसाठी पाणी बाहेरून आणून भरावे लागते. झाड लावणे हा एका दिवसाचा समारंभ आहे. पाणी घालणे हा वर्षानुवर्षांचा धर्म आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, फळे खाण्यापुरते नव्हे. फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त ही आदामाची कथा मराठी ओवीत सांगितली आहे. आपल्या भाषेला ती चारशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. आपल्या हातांना किती ठाऊक आहे हा प्रश्न निराळा.

माथ्यावरून कृष्णेचे खोरे दिसते. नदी, तिच्या दोन्ही तीरांस ऊस, मधून द्राक्षांचे मळे. साताऱ्याकडील मंडळी हरखून गेली. तेथेच आमच्या सोबतचे एक बागाईतदार, जे तोवर गप्प होते, बोलू लागले. त्यांचे बोलणे आम्ही जसे आठवते तसे सांगतो.

ते म्हणाले, “तुम्हांला हिरवे दिसते. मला त्यातले पांढरे डाग दिसतात. ऊस वर्षभर उभा, पाणी वर्षभर सोडलेले, निचरा कोठे नाही. खालचे पाणी वर येते, उन्हाने उडून जाते आणि मीठ मागे ठेवते. माझ्या आजोबांच्या उत्तम रानात आज गवतही धड येत नाही. जमिनीला विसावा दिला नाही, तिने तो आपणहून घेतला. आणि ह्या तुमच्या डोंगराला विसावा मिळाला, त्याचाही हिशोब ऐका. कुंपण ओलांडून हरणे रात्री खाली उतरतात. भुईमूग, हरभरा, शाळू, काही ठेवीत नाहीत. ज्यांची शेळ्यामेंढरे येथे चरत होती त्यांची चराई गेली. डोंगर हिरवा झाला तो कोणाच्या खर्चाने?”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग शिक्षिकाबाई म्हणाल्या, “म्हणून काय, दादा, रान तोडावे?” ते म्हणाले, “तोडावे असे मी म्हणत नाही, बाई. मीही येथे झाडे लावली आहेत. पण रान पाहून आनंद मानणारा एक आणि रात्री शेतात जागणारा दुसरा, हे मला पटत नाही.”

ह्या बोलण्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. पिकाच्या नुकसानीस भरपाईची तरतूद आहे हे खरे. पण अर्ज आणि पंचनामे ह्यांनी रात्रीचे जागरण भरून निघत नाही. लेवीय पुस्तक पुन्हा उघडून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की जमिनीचा विसावा आणि गरिबाची परतफेड ही दोन्ही एकाच अध्यायात, एकाच शिंगाच्या नादाने जाहीर केलेली आहेत. एक घेऊन दुसरे टाकण्याची मुभा तेथे नाही. ज्या शेतकऱ्याच्या शेंगांवर चितळाची पोरे वाढतात, त्याचा वाटा आम्हां रान पाहणाऱ्यांकडून येणे आहे. त्या दिवशी आम्ही त्याची सुरुवात फार लहान केली: खाली उतरल्यावर जेवणाचे साहित्य, गूळ आणि शेंगा पायथ्याच्या शेतकऱ्यांकडूनच, भाव न पाडता, घेतल्या. पुढच्या खेपेस एका रात्री राखणीला त्यांच्या शेतात बसावे असेही ठरले आहे. ह्यात सर्वांत उत्साह खोकला आलेल्या गृहस्थांचा आहे.

माथ्यावर बारा वाजले तेव्हा आम्ही उभे राहून देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हटली. घंटा नव्हती. खालून कोठून तरी उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग भाकरी सोडल्या.

आता आपल्या अंगणाविषयी. महोत्सवासाठी ख्रिस्तमंदिराच्या आवारात रोपे लावण्याचे ठरले आहे, हे आपण ऐकले असेलच. रोपे आली आहेत. कडुनिंब आहेत, करंज आहेत, आणि आमच्या हट्टावरून मागील कुंपणाशी दोन बाभळीही आहेत. त्यांचा काटा मुलांच्या पायांत जाईल अशी तक्रार आली, म्हणून त्या कोपऱ्यात घेतल्या. लावण्याच्या दिवशी पुष्कळ हात येतील ह्याची आम्हांस खात्री आहे. पाणी घालण्याच्या पाळीचा कागद दाराशी, धर्मसभेच्या सूचनाफलकाखाली ठेवला आहे. जूनपासून फेब्रुवारीपर्यंतच्या रकान्यांत नावे भरली गेली आहेत. मार्चमध्ये दोन आहेत. एप्रिल आणि मे हे दोन रकाने अजून कोरे आहेत. पेन्सिल दोरीला बांधलेली आहे.