जखमी साप दारात आला तर...
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



भाषणाची मला सवय नाही. मी जनावरांचा डॉक्टर. माझे पेशंट माझं ऐकून घेत नाहीत, पण निदान टाळ्याही मागत नाहीत. संयोजकांनी बजावलं होतं, "गाई-म्हशींचं नको, वेगळं काहीतरी सांग." म्हणून सापाविषयी बोलतो. त्याला कारणही आहे. दर पावसाळ्यात आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादा तरी फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, "जखमी आहे रे, घरी ठेवून बरा करता येईल का?"

सरळ उत्तर आहे, नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप पकडून घरात ठेवता येत नाही, हेतू कितीही चांगला असो. पण रात्री नऊ वाजता शेतावर साप सापडतो, बाहेर पाऊस असतो आणि मदत सकाळशिवाय येणार नसते. त्या एका रात्रीचं काय? त्याबद्दल बोलू.

दोन वर्षांपूर्वी शेवटच्या बाकावरच्या आपल्या एका मित्राचा फोन आला. नाव सांगत नाही, तो समोरच बसलाय आणि आत्ताच लाजतोय. त्याच्या सीताफळाच्या बागेवर पाखरांसाठी नायलॉनची जाळी टाकलेली होती. तिच्यात सहा फुटांची धामण अडकली होती. सुटण्यासाठी जितकी वळवळली, तितका धागा आत रुतला. तीन ठिकाणी कातडी कापली होती, एका ठिकाणी मांस दिसत होतं.

मी विचारलं, "धामणच आहे हे कशावरून?" तो म्हणाला, "आपल्या तालुक्याचा सर्पमित्र इथंच उभा आहे, त्यानंच पकडलीय." हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो. मण्यार आणि कवड्या यांत भलेभले फसतात. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक असतात, कवड्याचे डोक्याकडे. पण अंधारात, चिखलात, मोबाइलच्या फोटोवरून हे ठरवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांतला कोणीही असण्याची शंका असेल, तर जखमी असो की निपचित, हात लावायचा नाही. लांबून नजर ठेवायची आणि जाणकाराला बोलवायचं. मेल्यासारखा दिसणारा साप चावतो, तुटलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. आपल्या देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58,000 माणसं दगावतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात भूतदयेपोटी आणखी एकाची भर नको.

सर्पमित्रानं डोकं धरलं, मित्रानं बोथट टोकाच्या कात्रीनं जाळीचा एकेक धागा कापला. ओढून काढला असता तर कातडी सोलून निघाली असती. मग तिला झाकणाला भोकं पाडलेल्या कोरड्या पिंपात ठेवलं, तळाला स्वच्छ गोणपाट, आणि पिंप अंधाऱ्या, शांत खोलीत. सापाला आधार हवा असतो तो अंधाराचा आणि आडोशाचा. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून टॉर्च मारणं म्हणजे आयसीयूतल्या पेशंटला वरात दाखवण्यासारखं आहे.

मित्राच्या आईंनी तोवर वाटीभर दूध आणलं होतं. फोन त्यांच्याकडे द्यायला सांगितला. म्हटलं, "काकू, दूध राहू द्या, उथळ भांड्यात पाणी ठेवा." त्या म्हणाल्या, "अरे, धामण तर म्हशीच्या पायाला वेढा घालून दूध पिते!" हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण सापाला चोखायला आपल्यासारखे ओठ नाहीत आणि त्याचे दात आत वळलेले असतात. तसले दात लागल्यावर म्हैस गप्प उभी राहील का? तहानेनं व्याकूळ झालेला साप समोर येईल ते पितो, आणि त्या दुधानं त्याचं पोट बिघडतं. काकूंनी पाणी ठेवलं.

अन्नही द्यायचं नाही. साप थंड रक्ताचा, पचनासाठी त्याला बाहेरची ऊब लागते. दुखावलेल्या सापाला जबरदस्तीनं भरवलं तर तो ओकतो आणि आणखी खचतो. निरोगी धामण काही आठवडे सहज उपाशी राहते. एक रात्र म्हणजे काहीच नाही. जखमेवर हळद, चुना, रॉकेल, फिनेल यांतलं काहीही लावायचं नाही.

सकाळी वनरक्षक आले, नोंद झाली आणि त्यांच्यामार्फत धामण माझ्याकडे आली. भूल देऊन टाके घातले. सापाच्या शरीराच्या मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं, म्हणून इंजेक्शन पुढच्या अर्ध्या भागात देतात. खोक्याच्या एकाच बाजूला बाहेरून बल्बची ऊब दिली, म्हणजे तिला हवं तेव्हा गारव्याला सरकता येतं. कुत्र्या-मांजरांचे टाके दहा-बारा दिवसांत निघतात, सापाला महिना-दीड महिना लागतो. पाचव्या आठवड्यात तिचे डोळे दुधाळ झाले, आणि काही दिवसांनी तिनं कात टाकली. कातेसोबत जखमेची खपलीही गेली. वनविभागानं तिला त्याच बागेच्या बांधावर सोडलं. लांबच्या जंगलात सोडलं असतं, तर बीळ कुठं, पाणी कुठं, हे तिला पुन्हा शोधावं लागलं असतं. आणि उंदीर खाणारी धामण शेताला हवीच की!

प्रत्येक गोष्ट अशी संपत नाही. त्याच वर्षी जेसीबीखाली आलेली घोणस माझ्याकडे आणली होती. पाठीचा कणा दोन ठिकाणी चिरडलेला. आणणारा मुलगा कॉलेजातला, रडवेला होऊन म्हणाला, "काका, काहीतरी करा ना." मी जे केलं ते म्हणजे तिला भूल देऊन वेदनेतून सोडवलं. साप ओरडत नाही, विव्हळत नाही, म्हणून त्याला दुखत नाही असं आपण धरून चालतो. असा साप घरच्या खोक्यात ठेवला, तर तो दिवसेंदिवस तडफडतो आणि आपल्याला वाटतं की तो जगतोय. सापाला लवकर डॉक्टरकडे पोचवा, असं मी कळकळीनं सांगतो ते यासाठी. वाचवता येण्यासारखा असेल तर वेळ हाताशी राहतो, नसेल तर त्याचे हाल थांबतात.

शेवटी तीन कामं सांगतो. एक, महाराष्ट्र वनविभागाचा 1926 हा टोल-फ्री क्रमांक आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा, जवळच्या सर्पमित्राचाही. दोन, बागेची जाळी जमिनीपासून वीतभर वर बांधा आणि हंगाम संपला की गुंडाळून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जखमा एवढ्यानं टळतील. तीन, कुणाला साप चावलाच तर मांत्रिक नको, चिरा नको, आवळपट्टी नको. चावलेला हात किंवा पाय हलू न देता 108ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

आपल्या जीवशास्त्राच्या सरांनी बरणीतला साप दाखवताना मागच्या रांगेलाही पुढं बोलावलं होतं. इतक्या जवळून पाहिल्यावर भीतीची जागा कुतूहलानं घेतली. सर, त्या दिवशी पुढं बोलावलंत, त्याबद्दल आज सगळ्यांसमोर तुमचे आभार मानतो.

एवढं बोलून थांबतो. जेवणाची वेळ झालीय, आणि आपण काही धामण नव्हे!