पाळी आणि पहारा

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील भाषण)



किती कोस चाललो, किती पंगती उठल्या, हा हिशेब पांडुरंगाकडे आहे. आम्ही एवढंच सांगणार आहोत की शंभर वर्षांच्या उलथापालथीत आपलं हे जुनं गाव कशावर टिकलं, आणि पुढं कशावर टिकेल.

सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. मागून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी आल्या. भोंगा झाला की पेठ उठायची, भोंगा झाला की चुली पेटायच्या. आणि सप्ताह बसला की तोच कामगार पाळी संपवून, हातपाय धुऊन, बुक्का लावून वीणा घ्यायला उभा राहायचा. गिरणीत पाळी, देवळात पहारा.

पहाऱ्याचा नियम तुम्ही जाणता. वीणा खाली टेकायची नाही. पुढचा आल्याशिवाय आधीच्यानं हलायचं नाही. आणि वीणा देताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. सत्तरीचे आजोबा सोळा वर्षांच्या पोराच्या पायावर डोकं ठेवतात, ते त्या पोराला मोठं करायला नव्हे. वीणा कुणा एकाची नाही, एवढं दोघांच्याही ध्यानात राहावं म्हणून.

मंडळी, आपलं गावही असंच हातोहात आलेलं आहे. सिद्धरामेश्वरांची वचनं कानडी. संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. बाराबंदी घातलेली माणसं किती भाषांत बोलतात ते कान देऊन ऐका. यात्रेआधी कितीतरी रात्री काठी पेलण्याचा सराव चालतो. जुने जाणते शिकवतात, पोरं खांदा देतात. नारळी पौर्णिमेला तेलुगू विणकर बांधव मार्कंडेय महामुनींचा रथ काढतात. आषाढीला शेगावहून गजानन महाराजांची पालखी येते, तेव्हा पाण्याचा तांब्या पुढं करणारा कोणत्या घरचा, हे कुणी विचारत नाही. माउलींनीच विठ्ठलाला कानडा म्हटलंय, मग आपण कोण वेगळं करणार?

१२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे हे आपले चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले. नावं एकदा सावकाश म्हणून बघा. सोलापूर काय आहे, ते त्या चार नावांत आलं.

पुढं गिरण्या एकेक करून बंद पडल्या. भोंगा थांबला. घरं चालली ती यंत्रमागावर आणि बिड्या वळणाऱ्या आमच्या बायाबापड्यांच्या बोटांवर. मांडीवर सूप, हजाराचा आकडा पुरा करायचा, आणि वारी जवळ आली की रात्री कडक भाकऱ्या थापायच्या. ही भाकरी कैक दिवस टिकते. शेंगाचटणी सोबत असली की वाटेत कुणापुढं हात पसरायला नको. दिंडीचा इतिहास लिहिताना वीणेकऱ्यांची नावं येतील, ती यावीतच. पण या भाकऱ्या थापणाऱ्या हातांची नावं कुठल्याच वहीत नाहीत, म्हणून इथं त्यांना आधी नमस्कार.

आता मनातलं बोलतो. पेठेतले वाडे उतरताहेत. कुणी होटगी रोडला, कुणी विजापूर रोडला गेलं. पोरं पुण्याला नोकरीला. त्यात वाईट काही नाही, पोट कुणाला चुकलंय? पण सप्ताहाच्या पहाऱ्याची यादी बघा. रात्री बारा ते चारच्या रकान्यात तीच ती पिकल्या केसांची माणसं. एकेक जण दोन-दोन पहारे करतो. वीणा अजून खाली टेकलेली नाही, पण घ्यायला येणारा कुठं आहे?

म्हणून शताब्दीला कमान नको, मोठा फलक नको. एकच करू. येत्या सप्ताहात प्रत्येक जुन्या पहारेकऱ्यानं आपल्या शेजारी एक तरुण उभा करायचा. मुलगा, नातू, भाचा, शेजाऱ्याचा पोरगा, कुणीही. अभंग पाठ नसला तर नसू दे, रामकृष्ण हरी तर येतं. पुण्याच्या पोरानं एक रात्र यावं, तासभर उभं राहावं, सकाळच्या गाडीनं कामावर जावं. आणि लेकीसुनांनाही भाकरीच्या परातीपाशीच ठेवू नका. ज्यांना हौस आहे त्यांच्या हाती टाळ द्या.

आमच्या वाडवडिलांनी पाळी करून पहारा केला. आपली पाळीही आता संपत आलीय. पुढचा माणूस दारात येईपर्यंत जागा सोडायची नाही. तो आला की मात्र त्याच्या पाया पडून वीणा त्याच्या गळ्यात घालायची, आणि मागं होऊन टाळ धरायचा.

रामकृष्ण हरी.