अडखळत बोलणाऱ्यांचे मनोगत

(मंडळाच्या कुरुंदवाड येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, हा मोठा सन्मान होय. आम्ही लहानपणापासून तोतरे आहोत, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. तेव्हा चार शब्दांस आम्हांस आठांचा वेळ लागेल. तो आपण द्यावा, एवढी विनंती करून आरंभ करतो. आमचा विषयही तोच आहे. तोतरेपणा न झाकता घरात, बाजारात व कामधंद्यात कसे वावरावे, आणि आपल्या मंडळाने त्यास कोणता हातभार लावावा, हे आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. तोतरा आणि बोबडा हे एक नव्हेत. बोबड्यास अक्षराचा स्पष्ट उच्चार साधत नाही. तोतऱ्यास उच्चार साधतो, शब्दही ठाऊक असतो. पण ऐन वेळी तो ओठांशी अडतो, किंवा तेच अक्षर पुन्हा पुन्हा येते. यास भित्रेपणा कारण नाही, मंदबुद्धी नाही, की आईबापांचे पाप नाही. शंभरांपैकी सुमारे ५ मुले लहानपणी केव्हा ना केव्हा अशी अडखळतात. त्यांपैकी बहुतेकांची वाणी पुढे मोकळी होते. मोठेपणी शेकडा सुमारे १ माणसाच्या ठायी हा दोष राहतो, आणि त्यांत पुरुष अधिक असतात. कित्येक घराण्यांत तो पिढ्यान् पिढ्या आढळतो. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी याच्याशी संबंध असलेले काही जनुकीय बदल प्रथमच दाखवून दिले. तेव्हा वेखंड उगाळून चाटविल्याने हा दोष जाईल, ही आशा व्यर्थ होय.

याची रीतही विचित्र आहे. समोर नृसिंहवाडीस देवळात सर्वांच्या सुरात सूर मिसळून करुणात्रिपदी म्हणताना आमची जीभ एकदाही अडत नाही. बाहेर येऊन पेढेवाल्यास पाव किलो पेढे मागावयाचे म्हटले, की ती अडते. हे पाहून कित्येकांस हे ढोंग वाटते. वस्तुतः गाताना किंवा अनेकांबरोबर एका लयीत म्हणताना तोतऱ्याची वाणी सहसा मोकळी चालते, हे शास्त्रास चांगले परिचित आहे.

आता झाकण्याविषयी. आम्हांस 'क' हे अक्षर अवघड, आणि गाव नेमके कुरुंदवाड! तरुणपणी जयसिंगपुराहून एस. टी. ने परतताना कंडक्टर जवळ आला, की आम्ही 'वाडी' म्हणून नृसिंहवाडीचे तिकीट घेत असू आणि पुढची वाट पायी चालत असू. सोबत्यास सांगत असू, की दत्तदर्शन करून जाऊ. लोक आम्हांस मोठे दत्तभक्त समजत. अवघड शब्द टाळून सोपा घेण्याची ही कला प्रत्येक तोतरा शिकतो. परंतु एका शब्दास दुसरा शब्द नसतो, आणि तो म्हणजे स्वतःचे नाव. म्हणूनच पुष्कळ तोतऱ्यांस आपले नाव सांगणे सर्वांत कठीण जाते, आणि जग त्यांस सर्वांत आधी तेच विचारते.

जोसेफ शीहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तोतरेपणास हिमनगाची उपमा दिली आहे. तो स्वतः तोतरा होता. लोकांस ऐकू येते ते पाण्यावरचे लहानसे टोक. भीती, लाज आणि टाळाटाळ यांचा मोठा डोंगर पाण्याखाली असतो. या डोंगरापायी तोतरा मुलगा उत्तर येत असूनही वर्गात हात वर करीत नाही, आणि मुलाखतीची नोकरी सोडून मुक्याने करण्याचे काम शोधतो. २०१९ च्या महापुराने आपल्या गावास वेढले, ते दिवस आठवा. अशा वेळी होडी मागावयाची, तर फोनवर आपले नाव आणि गल्ली सांगावी लागते. पहिलाच शब्द अडला तर पलीकडचा माणूस फोन ठेवील, या भीतीने घरातला माणूस गप्प राहिला, तर लाजेची किंमत किती होईल, हे सांगणे नलगे.

यावर आमच्या अनुभवाचा उपाय साधा आहे. आपण होऊन आधीच सांगावे : 'मी अडखळत बोलतो, जरा थांबावे.' एवढे म्हटले, की झाकण्याचा भार उतरतो. दुकानातील गिऱ्हाईक थांबते, कचेरीतील साहेब थांबतो. क्वचित एखादा हसतो, पण दुसऱ्या खेपेस तोही हसत नाही. केरळचे पहिले मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद तोतरे होते. आपण नेहमीच अडखळता काय, असे कोणी विचारता, 'नाही, फक्त बोलतानाच,' असे ते म्हणाल्याचे प्रसिद्ध आहे. १९५७ साली राज्याची धुरा वाहताना त्यांस जीभ आड आली नाही. आपल्या देशात २००८ पासून 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' ही तोतऱ्यांनीच उभारलेली संस्था आहे. दोष लपवू नका, तो स्वीकारून बोला, असेच ती सांगते.

बंधुभगिनींनो, आता मंडळापुढे गाऱ्हाणे. सोयरीक जमविताना आपल्याकडे तोतरेपणा दडविण्याची चाल आहे. मुलगा 'मितभाषी' आणि मुलगी 'लाजाळू' म्हणून सांगितली जाते. लग्नानंतर चार दिवसांत सारे उघड होते, आणि दोष जिभेचा असून फसवणुकीचा डाग घराण्यास लागतो. परिचयपत्रकात तो स्पष्ट लिहावा आणि वाचणाऱ्यांनी चष्म्याच्या नंबराइतकाच त्यास मान द्यावा. वधूवर मेळाव्यात ध्वनिक्षेपकापुढे प्रत्येकास मोजकी मिनिटे मिळतात. अडखळणाऱ्यास घंटा वाजवू नये, आणि त्याच्या वतीने काकांनी किंवा मामांनी नाव सांगू नये. त्याचे नाव त्यालाच सांगू द्यावे.

मातांस एक सूचना. मूल अडखळू लागले, तर त्यास दटावू नका, 'सावकाश बोल' म्हणून टोकू नका, त्याचे वाक्य आपण पुरे करू नका. त्याच्याकडे पाहून शेवटपर्यंत ऐका. काही महिन्यांत ते मोकळे न झाल्यास वाचोपचारतज्ज्ञास दाखवा. म्हैसूर येथे १९६५ पासून आणि मुंबईत वांद्र्यास १९८३ पासून वाणी व श्रवणदोषांच्या राष्ट्रीय संस्था आहेत. उपचाराने पुष्कळांची वाणी सुधारते. सर्वांची पूर्ण मोकळी होतेच असे नाही. म्हणून उपचाराइतकीच ऐकणाऱ्याच्या धीराची गरज आहे, आणि त्यास पैसा पडत नाही.

येत्या वर्षी गुणगौरव समारंभात बक्षीस घेणारे एखादे मूल आभाराचे दोन शब्द बोलताना थबकले, तर सभागृहाने टाळ्या वाजवून त्यास खाली बसवू नये. त्याचे दोन शब्द पुरे होईपर्यंत शांत बसावे, आणि मग हव्या तेवढ्या टाळ्या वाजवाव्यात. एवढे मागणे मंडळाने मान्य करावे, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.