टरफलं फेकण्याआधी

आमच्या बचत गटात कोळंबी सोलली की टरफलांचा ढीग पडतो. त्यात कायटिन असतं. कीटकांच्या कवचातही तेच. १८२३ साली ओदिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने भुंगेऱ्याच्या कवचातून ते वेगळं काढून त्याला हे नाव दिलं. त्यापासून होणारं कायटोसान जखमेच्या पट्ट्यांत वापरतात.

फरक चुन्याचा. कीटकाच्या कवचात तो नाममात्र, कोळंबीच्या भरपूर. म्हणून टरफलांतला चुना आधी आम्लाने काढतात, मग प्रथिनं कॉस्टिक सोड्याने. कीटकांना आम्ल कमी लागतं, पण ते ढिगाने कुठून आणणार? टरफलं आपल्या दारातच आहेत.

मात्र हे घरी करू नका, कॉस्टिकने डोळे जातात. आपण टरफलं त्याच दिवशी धुऊन, कडक वाळवून ठेवू. कुजली की भाव गेला!